सत्यवतीबाईंचा न भरणारा गोल

मनगटावर ते काळं घड्याळ चढलं आणि सत्यवतीबाईंना आपलंच शरीर कळेनासं झालं.

त्यांचं माहेरही कोन गावचं आणि सासरही. निम्मं आयुष्य भातशेतीत वाकून गेलं. मग जमीन गेली आणि नवरा बुधाजी, मुलगा शैलेश आणि सून मनिषा यांच्याबरोबर त्या खांदा कॉलनीत, लिफ्टच्या इमारतीत राहायला आल्या. इथे भांड्यांना बाई, कपड्यांना मशीन, आणि भाजी निवडायची म्हटली तर तीही निवडून मिळते. सत्यवतीबाईंचं वजन वाढलं यात नवल काय? गुडघे कुरकुरायला लागले. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, नाहीतर मांडी घालून बसणं विसरा.

हे मात्र बाईंच्या जिव्हारी लागलं. कारण भाचीची हळद तोंडावर आली होती. कोनला हळदीच्या दिवशी भावकीच्या बायका चुलींपुढे बसून तांदळाच्या भाकऱ्या थापतात, आणि पहिली भाकरी सत्यवतीनेच टाकायची हे ठरलेलं होतं. आता मांडी घालता येत नाही म्हणून त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर पाहुण्यासारख्या बसणार? त्यापेक्षा न गेलेलं बरं.

मनिषा खारघरला नोकरीला. तिने घड्याळ आणलं, फोनला जोडलं आणि एका सकाळी डबा भरता भरता विचारलं, "आई, दिवसभरात काम किती करता? बसून, थोडंफार, की अंगमेहनत?"

"अंगमेहनत," बाई म्हणाल्या. हा काय प्रश्न झाला?

"आणि वजन कधीपर्यंत उतरवायचंय?"

"हळदीपर्यंत."

मनिषाने बोट टेकवलं, सँडल चढवल्या आणि ती निघून गेली. घड्याळाने लक्ष्य दिलं: रोज सव्वीसशे कॅलरी जाळायच्या. तेवढ्या जळल्या की पडद्यावरचा गोल पूर्ण हिरवा होणार.

पहिल्याच सकाळी बाई उठल्या तर गोल थोडा भरलेला. रात्रभर त्या घोरत पडल्या होत्या, मग जाळलं कुणी? मनिषा म्हणाली, श्वास घ्यायला, काळीज चालायलाही कॅलरी लागतात. बाईंनी मान डोलावली. समजलं काहीच नव्हतं. झोपेत चढणारा आकडा दिवसा, बागेत फेऱ्या मारून पायांचे तुकडे पडले तरी, हलायला तयार नसायचा. संध्याकाळी गोल अर्ध्याच्या थोडा पुढे येऊन हटून बसायचा. घोडं कुठे पेंड खात होतं, देव जाणे.

"बिघडलंय ते," बुधाजी म्हणाले.

"घड्याल नाय बिघडला. मीच कुठंतरी कमी पडतंय."

मग बाईंनी जेवण कमी केलं. जाळायचं जमत नाही, तर पोटात टाकायचंच कशाला, हा त्यांचा हिशेब. दुपारची भाकरी अर्ध्यावर आली, रात्रीची सुटलीच. बोंबलाची चटणी समोर असताना बाई काकडी चावायच्या आणि बुधाजी अपराध्यासारखे तोंड फिरवून जेवायचे. वजन उतरलं, खोटं कशाला बोला. पण उठताना डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हळदीला कोण जाऊ देणार?

हळदीच्या दिवशी बाई कोनला मांडवात शिरल्या आणि चुलीपुढे, पाटावर, मांडी घालून बसल्या. गुडघे कुरकुरले पण वाकले. त्यांना इतका आनंद झाला की डोळे धुराआधीच भरले. घड्याळ काढायला त्या तयार नव्हत्या. त्यावर प्लास्टिकची पिशवी गुंडाळली, उकडीचा गोळा घेतला, पाण्याचा हात लावला आणि पहिली भाकरी चुलीवरच्या मातीच्या खापरीवर टाकली. मग हात थांबलेच नाहीत. दोन्ही तळव्यांत भाकरी फिरत होती, बायका गात होत्या, भाकऱ्यांची टोपली भरत होती.

संध्याकाळ व्हायच्या आतच मनगटावरचं घड्याळ थरथरलं. पिशवीतून हिरवा उजेड दिसला. बाईंनी पिशवी सोडली. गोल भरला होता.

त्या बघतच राहिल्या. बागेत मरमर चालल्या तेव्हा भरला नाही, आणि आज पाटावर बसल्या जागी भरला? हे घड्याळ पाय मोजतं, हात मोजतं की मनातलं मोजतं? विचारावं म्हणून त्या मागे उभ्या असलेल्या मनिषाकडे वळल्या, आणि मांडव गोल फिरला. शेजारणीने धरलं नसतं तर त्या चुलीतच गेल्या असत्या.

बायकांनी गूळपाणी पाजलं. त्यांच्याच हातची गरम भाकरी त्यांच्याच तोंडात कोंबली. मनिषा घाबरून फोन चाळत होती.

"आई, हात हलले त्याला हे चालणं समजलंय. पण सव्वीसशे कसे? हे तर शेतात राबणाऱ्या माणसाचं लक्ष्य आहे. तुम्ही त्या दिवशी अंगमेहनत सांगितलीत, आणि मीही घाईत तेच दाबलं?"

"मंग? जलमभर काय केला मी?"

मनिषा त्यांच्याजवळ टेकली. मग हळूच म्हणाली, "जन्मभर नाही विचारत ते. आत्ताचं विचारतं."

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. लावणी गेली, कापणी गेली, घरातली भांडीसुद्धा गेली. आपण आता काय करतो? सकाळी चहा, मग टीव्ही, मग मनिषाची वाट बघणं. इतके दिवस त्या ज्या गोलामागे धावल्या, तो दुसऱ्याच एका सत्यवतीचा होता. ती या गावात राबत होती, आणि ती कधी गेली हे बाईंना कुणी सांगितलंच नव्हतं.

"बदलते मी," मनिषा म्हणाली. "अठराशे पुरे होतील. थोडं चालायचं, आणि दोन्ही वेळा नीट जेवायचं. वजन सावकाश उतरू दे. कामापुढे काय लिहू, बसून?"

बायकांचं गाणं पुन्हा सुरू झालं होतं. सत्यवतीबाईंनी उरलेली भाकरी संपवली, हात धुतले आणि उकडीचा पुढचा गोळा उचलला.

"लिव बसून," त्या म्हणाल्या. "पण आज नको. आजचा दिस ऱ्हाऊ दे हाय तसाच. उद्या लिव."