बावीस इंचांची वाट

ऑफिसात तिला पाठीमागे सगळे फूटपट्टी म्हणत. बागांचे नकाशे काढता काढता बत्तीस वर्षं गेली, पण हातातली टेप काही सुटली नाही. जावई बघायला गेली तरी ही आधी त्यांच्या घराच्या पायऱ्या मोजेल, असं तिचा नवराच म्हणायचा.

तरुणपणी ती परदेशात एका म्हाताऱ्या माळ्याच्या हाताखाली चार महिने राबली होती. एकदा त्यानं आपल्या बायकोला ओल्या मातीतून चालवलं. बाई ताडमाड उंच, ढांगा टाकत गेली. जिथं पाऊल उमटलं तिथं त्यानं एकेक दगड बसवला. फूटपट्टीला वाटलं, म्हातारा-म्हातारीची थट्टा चाललीय. ते दोघं घरात गेल्यावर तिनं दोन दगडांमधलं अंतर मोजून वहीत लिहिलं. बावीस इंच.

त्या बावीस इंचांवर तिचं नाव झालं. मोठ्या इस्पितळाच्या चौकात तिनं तशीच दगडांची वाट घातली. बक्षीस मिळालं, दारात तिच्या नावाची पाटी लागली. करारात लिहून घेतलं होतं, तिच्या सहीशिवाय दगड हलवायचा नाही. पुढं नऊ वर्षं इस्पितळाची पत्रं येत राहिली, की पेशंट अडखळतात, सिमेंट घालू द्या. तिचं उत्तर ठरलेलं: मूळ मापात बदल होणार नाही.

मग तिच्या आईचा खुबा मोडला. ऑपरेशन तिथंच झालं. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आजींना चालवा. फूटपट्टीनं मोठ्या ऐटीत आईला चौकात आणलं. आई पहिल्या दगडावर काठी टेकून उभी राहिली, ती राहिलीच.

"पुढच्या दगडावर पाय पोचत नाही गं."

"जरा लांब टाक पाय, आई."

"अगं बये, लांब पडला असता तर इथं कशाला आले असते मी?"

सोबत आलेली इस्पितळाची आया हसली. "आजी, इकडून कडेनं चला. सगळे तिकडूनच जातात."

कडेला फुलझाडं तुडवून एक उघडी वाट पडली होती. चिखलात सपातांचे ठसे, एकमेकांना चिकटून. फूटपट्टीनं वाकून एका पावलापासून पुढच्या पावलापर्यंत टेप लावली. नऊ इंच. कुठं साडेआठ. ती उठेचना. माळ्याची ती ढांगा टाकणारी म्हातारी आत्ता कुठं तिच्या ध्यानात आली.

त्याच दुपारी ती इस्पितळाच्या साहेबांकडं गेली. म्हणाली, "दगड मी पुन्हा बसवते. पेशंटना चालवून, त्यांच्या पावलांवर."

"नऊ वर्षांपूर्वी म्हणाला असतात तर पाया पडलो असतो," साहेब म्हणाले आणि कागद पुढं सरकवला. "आता सिमेंटच. सही करा."

तिनं केली.

महिन्यानं आईला तपासायला आणलं. आई सपाट सिमेंटवरून तुरूतुरू चौक ओलांडून गेली आणि वळून म्हणाली, "आता कशी चालण्यासारखी झालीय. कुणी केली गं?"

"गवंड्यानं," ती म्हणाली.