गुरुवारची क्लॅरिनेट

काळेवाडीत नळाला पाणी पहाटेच येतं, त्यामुळे मिनलच्या घरात कोणी उशिरा उठत नाही. मंगळवारी तिची आई सरूबाई पिंप भरत होत्या, वडील भिवाजी दाढी करत होते आणि मिनल तोंडात ब्रश धरून नोटेशनचे कागद लावत होती. तेवढ्यात दार वाजलं. इतक्या सकाळी दार वाजलं की सरूबाईंना आधी वाईटच सुचतं.

दारात झिशान, तिचा क्लॅरिनेटवाला. अंगात कंपनीचे कपडे, गळ्यात आयकार्ड.

"दीदी, गुरुवारचं काही खरं नाही. काल सुटताना नोटीस लागली. ह्या गुरुवारी कंपनी चालू, सुट्टी सोमवारी. फोनवर सांगवेना म्हणून आलो. बस येईल, पळतो."

मिनल पुण्याला संगीतरचनेत एम.ए. करते. सिनेमाची गाणी नव्हेत, रागदारीही नव्हे. सभागृहात शांत बसून ऐकायचं नव्या धाटणीचं पाश्चात्त्य संगीत. शेवटच्या परीक्षेला स्वतःची रचना परीक्षकांसमोर वाजवून घ्यावी लागते. तिची रचना चौघांसाठी आहे: दोन व्हायोलिन, एक चेलो आणि झिशानची क्लॅरिनेट. "अजून सूरच जुळवतायत असं वाटतं," असं भिवाजी म्हणतात, पण ऐकतात शेवटपर्यंत.

विभागाने शनिवार की गुरुवार, असं विचारलं होतं. तिने झटकन गुरुवार घेतला. भोसरी-चाकणच्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी. वडील कंपनीत असल्यामुळे लहानपणापासून तिचा रविवार गुरुवारीच यायचा. सणाला जोडून सुट्टी फिरवतात हे घरात कितीदा पाहिलेलं, तरी ऐन वेळी डोक्यात आलं नाही.

"दुसरा कोणी बघ की," सरूबाई म्हणाल्या. "लग्नसराईत गल्लोगल्ली वाजवतात."

"आई, झिशानही बँडवालाच. त्याला नोटेशन येत नाही. मी गाऊन दाखवलं, त्याने पाठ केलं. त्यात ठेका नाही. तो श्वास घेतो तेव्हा बाकीचे तिघं स्वर बदलतात. नवा माणूस कुठे श्वास घेईल, कोणाला माहीत?"

"मग असलं लिहायचंच कशाला गं?"

मिनलने विभागातल्या मैत्री मॅडमना फोन लावला. परीक्षक बाहेरगावचे, तारीख हलणार नाही, रेकॉर्डिंग चालणार नाही. गुरुवारी सकाळी वाजलं नाही तर थेट पुढच्या वर्षी. मॅडम हे अगदी मायेने म्हणाल्या, म्हणून जास्तच धडकी भरली.

"झिशानचा सुपरवायझर सोपानराव," गालाचा साबण पुसत भिवाजी म्हणाले. "माझ्या हाताखाली शिकलाय. करू फोन?"

"नको पप्पा. फोनवर नाही म्हणायला सोपं जातं. मी जाते."

पिंपळे सौदागरपर्यंत रिक्षात ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत राहिली. परीक्षेचं सांगावं? ते म्हणतील, पोरांच्या परीक्षा काय चालूच असतात. वडिलांचं नाव घ्यावं? ते दडपण टाकल्यासारखं. आणि झिशान कंत्राटावर. आपल्या बोलण्याने साहेबांच्या डोक्यात त्याचंच नाव बसलं तर?

सोपानराव कामावर निघण्याआधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी पुसत होते.

"भिवाभाऊंची ना तू? ते गाण्याचं शिकणारी?" त्यांनी फडकं झटकलं. "कोणासाठी रजा मागायला आली असशील तर आधीच सांगतो. कालपासून फोन घेऊन कान दुखले. गुरुवारी एक माणूस कमी चालणार नाही."

"रजा नको, काका," मिनल म्हणाली. "झिशानची गुरुवारची सकाळची फर्स्ट शिफ्ट दुपारच्या सेकंडवाल्या कोणाशी बदलून द्या."