दिरानं लिहिलेलं भाषण

सरपंच झाल्यावर पहिल्याच पंधरा ऑगस्टला मी माईकवर वाचलं, "खालच्या आळीत घरोघर नळाला पाणी आलं आहे," आणि टाळ्या पडेनात म्हणून स्वतःच वाजवल्या. समोर त्याच आळीतल्या बाया उभ्या. सकाळीच गोदावरीवरून हंडे वाहून आलेल्या. भाषण उपसरपंचांनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरानं लिहिलेलं. मी आठ दिवस आरशासमोर पाठ केलं, श्वास कुठं घ्यायचा तेसुद्धा ठरवलं. खरं आहे का, एवढंच विचारायचं राहिलं. ठोंबी कुठली.

दिवाळीत नाशिकला नातीकडे गेले, तेव्हा हे सगळं आठवलं. तिच्या मोबाईलवर इंग्लंडचा राजा मुकुट घालून भाषण वाचत होता.

"आजी, हे सरकारनं लिहून दिलेलं असतं. त्याला एक शब्द बदलता येत नाही. कायदा आला की सही करायची, संपलं."

"मग राजा कशाला म्हणता? आमच्याकडे याला सरपंचबाई म्हणतात."

नात हसली. पण मला त्या राजाचा राग येईना. त्याला मुकुट जन्मानं मिळाला, मत कोणी दिलेलं नाही. त्यानं दुसऱ्याचं लिहिलेलं मुकाट वाचावं, हेच बरोबर. मला गावानं निवडून दिलं होतं. माझं मुकाट वाचणं ही बेइमानी होती, आणि मी तिला संसारी बाईचा समजूतदारपणा म्हणत होते.

सव्वीस जानेवारीला दिरानं पुन्हा कागद हातात ठेवला. सोबत नळाचं काम पूर्ण झाल्याचा दाखला, सहीसाठी. मी माईकसमोर भाषणाची घडी घातली.

"हे भावजींनी लिहिलंय. झकास लिहिलंय. पण खालच्या आळीत पाण्याचा थेंब नाही. तो येईपर्यंत मी दाखल्यावर सही करणार नाही."

"वहिनी, खाली बसा," दीर दात आवळून म्हणाला.

"बसते की. खुर्ची माझीच आहे."

जिलेबी वाटताना खालच्या आळीतल्या बांगडीवाल्या चाची जवळ आल्या. माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "पाणी येईल तवा येईल, सरपंचबाई. पण तुमचा आवाज आज पयल्यांदा ऐकला. इतके दिस मला वाटायचं, तुमच्या दिराचाच आवाज बायकी हाय."