गोळी चुकली नव्हती

वहिनीचा फोन आला तेव्हा मी बँकेच्या रांगेत उभी होते. "ताई, तुमचे दादा गेले..." एवढंच बोलली आणि फोन कुणीतरी तिच्या हातून काढून घेतला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, मखमलाबादकडे झेंडू-शेवंती पिकवणारा, हृदयविकाराच्या पहिल्या झटक्यानंतर स्टेंट टाकून ठणठणीत झालेला. निदान दुसरा झटका येईपर्यंत आम्हाला तसं वाटत होतं. महिना उलटला, पण मला अजून एका जागी बसवत नाही.

त्याला कारण दहाव्याला जमलेले पाहुणे. दादाचं दुःख राहिलं बाजूला, कुजबुज एकच... रक्त पातळ ठेवायची अ‍ॅस्पिरिनची गोळी चुकवली असणार, बायकोनं लक्ष दिलं नाही. दवाखान्यात कुणीतरी तसं विचारलं होतं म्हणे. झालं! वहिनी बिचारी ज्याला त्याला सांगत होती, "न्याहारी झाली का माझ्या हातानं देत होते हो, एक दिवस खाडा नाय." पण ऐकतंय कोण? माझं टाळकंच फिरलं. चार दिवसांनी तडक दादाच्या डॉक्टरांकडे गेले.

"अ‍ॅस्पिरिन नेमानं घेऊनही काहींना तिचा हवा तेवढा उपयोग होत नाही," ते म्हणाले. "त्यांना मधुमेहही होता. बरं, दुखण्याबिखण्याचं काही घेत होते का?" मी नाही म्हणणार, तोच फूलबाजार डोळ्यांपुढे आला. पहाटे उकिडवं बसून फुलं खुडायची, मग बाजारात क्रेटवर टेकून चहा, आणि तंबाखूची पुडी फिरावी तशी सगळ्यांत फिरणारी दुखण्याच्या गोळ्यांची स्ट्रिप. मी एकदा हटकलंही होतं. "अगं, हे काय औषध आहे का? गुडघ्यांना वंगण!" म्हणून दादा हसला होता. तपासणीत 'आणखी काही औषधं?' विचारलं की तो 'काही नाही साहेब' म्हणायचा, आणि त्याच्या लेखी ते खरंच होतं.

मी ते सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "त्या दुखण्याच्या गोळ्यांतली एखादी आधी पोटात गेली, तर अ‍ॅस्पिरिनला जिथं काम करायचं असतं ती जागाच ती अडवते. मागून आलेली अ‍ॅस्पिरिन वाया जाते. पण त्यामुळेच गेले, असं मी म्हणणार नाही."

"मग कशामुळे गेला हो?" माझा आवाज चढला. हा किडा काही डोक्यातून जात नाही... तुमच्या घरात कुणी अ‍ॅस्पिरिन घेत असेल तर मनानं काही बंद करू नका, पण दुखण्याची गोळीसुद्धा डॉक्टरांना सांगा बाई!

तशीच मळ्यातल्या घरी गेले. "वहिनी, तुझं काही चुकलं नाही," म्हटलं, आणि सगळं सांगितलं. वाटलं, आता हिचा जीव भांड्यात पडेल. दाराआडच्या खुंटीवर दादाचा बाजारात जायचा शर्ट होता, खांद्यावर झेंडूचे पिवळे डाग तसेच. वहिनी उठून त्याच्यापुढे उभी राहिली.

"गुडघे दुखतात एवढं तरी सांगायचं ना मला," ती शर्टाला म्हणाली. "मी तेल लावून चोळले नसते का?"