उभं वल्हं

पुलाचा वाढदिवस आमच्या आत्याला आवडत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. का आवडत नाही, हे विचारायची तसदी मात्र कुणी घेतली नव्हती. "नावाड्याची मुलगी ना, बापाचा धंदा बुडाला, मनात सल असणारच," एवढ्यावर लोकांनी विषय मिटवून टाकला होता. लोकांचं बरं असतं. दुसऱ्याच्या दुःखाचं कारण त्यांना नेहमी आयतं सापडतं.

आत्याचं दुकान लाँड्रीला लागून आहे. एक शिलाई मशीन, एक आरसा आणि गिऱ्हाइकाला उभं राहायला जेमतेम जागा. नवीन कपडे ती शिवत नाही. पँट आखूड करायची, कंबर सैल करायची, चेन बदलायची, उसवलेलं टाचायचं. "हौसेचं काम दुसऱ्यांकडे, निस्तरायचं माझ्याकडे," असं ती म्हणते, आणि ते फक्त कपड्यांबद्दल नसतं. तिची आई गेली तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि माझे बाबा पाळण्यात. तिनं बाबांना वाढवलं, मग आजोबांचं दुखणं काढलं, मग माझी आई नोकरीला जायची म्हणून मलाही सांभाळलं. या सगळ्यात स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं. दमले, असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. पण मशीनवर बसताना ती असा काही सुस्कारा सोडते की ऐकणाराच दमून जातो.

बाबांचं सगळं उलटं. पूल सुरू झाला त्याच दिवशी त्यांचा जन्म, म्हणून सगळं गाव त्यांना पूलभाऊ म्हणतं. त्यांनी नोकरीही त्याच पुलावरून बस चालवायची केली. दर वर्षी त्या दिवशी नदीकाठी सोहळा असतो. बँड वाजतो, लांबलचक भाषणं होतात, आणि शेवटी पुलाखाली एक होडी येते. होडीत बाबा आजोबांच्या वेळचा सदरा घालून उभे राहतात आणि वल्हं सरळ आभाळाकडे उभं धरतात. माइकवरून कुणीतरी ओरडतं, "नावाड्याची सलामी!" आणि टाळ्यांचा कडकडाट होतो.

हे सगळं एका फोटोवरून आलेलं. नगरपालिकेच्या जिन्यात तो अजून टांगलेला आहे. उद्घाटनाच्या दिवशी कुणीतरी पुलावरून खाली काढलेला. नदीत एकच होडी, तिच्यात आजोबा, पायाशी गाठोड्यासारखं काहीतरी, हातात उभं वल्हं. जुना जमाना नव्या जमान्याला सलाम करतोय, असं त्याच्याखाली लिहिलंय. आम्हाला शाळेतही तेच शिकवलं.

बाबांच्या सदऱ्याचं काम आत्याकडेच. पोट सुटत गेलं तशी दर वर्षी ती शिवण थोडी सोडायची. सोहळ्याच्या दिवशी मात्र दुकानाचा नदीकडचा पडदा ओढून घ्यायची आणि मशीन अशी दामटायची की बँडही ऐकू येऊ नये.

यंदा पुलाला साठ वर्षं झाली. सोहळ्याच्या समितीनं पुलाच्या तोंडाशी पुतळा उभारायचं ठरवलं, उभं वल्हं धरलेल्या नावाड्याचा. बाबा ही बातमी घेऊनच दुकानात आले. मी सोबत होते.

"ताई, चेहरा आपल्या वडलांचाच करणारेत," बाबा म्हणाले. "सिमेंटचा. दहा फुटी."

आत्याच्या तोंडात टाचण्या होत्या. "हात वर कर," ती एवढंच म्हणाली. बाबांनी सवयीनं दोन्ही हात वल्हं धरल्यासारखे वर नेले. तिनं बगलेतली शिवण चाचपली आणि ती तशीच थांबली.

"खाली कर."

"झालं माप?"

"हात खाली कर म्हणते ना!" टाचण्या तिनं तळहातावर काढल्या. "माणूस दमतो तरी रे. वर्षातून एकदा हात वर करतोस, दोन मिनिटांनी खाली घेतोस. म्हणून मी गप्प बसत आले. सिमेंटचा हात कोण खाली करणार?"

मग तिनं सांगितलं. ठरवून नाही. उसवायला घेतलेला धागा सरसर निघत जावा, तसं.

नदीवर उभ्या वल्ह्याचा अर्थ सलामी असा नव्हताच कधी. उभं वल्हं म्हणजे, एकट्याचं काम नाही, कुणीतरी या. ते दिसलं की दुसऱ्या नावाड्यानं हातातलं काम टाकून निघायचं. त्या दिवशी आत्या सकाळीच पुलावर गेली होती. पाहुण्यांना फुलं द्यायला नावाड्याची मुलगी हवी, म्हणून तिला नवे कपडे घालून उभं केलं होतं. इकडे पलीकडच्या काठावर, घरी, आजीला अवेळी कळा सुरू झाल्या. दवाखाना अलीकडे. आजोबा तिला उचलून पुलाशी गेले. पूल तयार होता, त्या टोकाला रिकामाच होता. पण फीत कापल्याशिवाय पाहुण्यांखेरीज कुणाला सोडायचा हुकूम नाही, असं रखवालदारानं सांगितलं. मग त्यांनी तिला होडीत घातलं. मध्यावर आजीची अवस्था अशी झाली की तिला धरावं की वल्हवावं, हे त्यांना कळेना. त्यांनी वल्हं उभं केलं.

बाकीचे नावाडी मांडवात बसले होते. उद्यापासून ज्यांना काम नाही, त्यांना सरकार घड्याळं वाटणार होतं. वल्ह्याची खूण कळली ती फक्त आत्याला. ती ओरडली, रडली, कुणाकुणाचे कोट ओढले. एका बाईनं तिला दटावलं. बाकीच्यांनी कठड्यावरून वाकून टाळ्या वाजवल्या. बाबा होडीतच जन्मले. आजी चार दिवसांनी दवाखान्यातच वारली. अर्धा तास आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

"मग आजोबा बोलले का नाहीत?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"बोलून काय, पूल मागे जाणार होता? आणि नावाड्यांनीच सलामी-सलामी म्हणायला सुरुवात केली. नाहीतर मांडवात काय करत होतात, असं कुणीतरी विचारलं असतं." आत्यानं टाचण्या एकेक करून डबीत टाकल्या. "पूल चांगलाच आहे गं. तू दहा मिनिटांत दवाखान्यात पोचलीस, आईच्या पोटात होतीस तेव्हा. मीही रोज त्याच्यावरूनच येते. पण त्या टाळ्या मला सोसत नाहीत." मग ती बाबांकडे वळली. "तुला सांगितलं नाही, कारण तुझाही वाढदिवस तोच. पोराचा एक दिवस तरी बरा जावा."

मला वाटलं, बाबा आता कोसळणार. ते स्टुलावर बसले आणि सदऱ्याची बटणं काढू लागले.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "नोकरीला लागलो त्याच वर्षी एका म्हाताऱ्या नावाड्यानं सांगितलं. मरायला टेकला होता, त्याला ते घेऊन जायचं नव्हतं."

"आणि तरी तू..." आत्यानं टाचण्यांची डबी खाली ठेवली.

"त्याच वर्षी पहिल्यांदा वल्हं उभं केलं. रागानं. वाटलं, कुणीतरी ओळखेल, मान खाली घालेल. तर टाळ्या! पुढल्या वर्षी पुन्हा केलं. मग राग संपला आणि सवय राहिली. एकेक करून सगळे नावाडी गेले. ती खूण ओळखणारं आता एकच माणूस उरलंय, ताई. आणि ते दर वर्षी पडदा ओढून घेतं."

एवढी वर्षं दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट झाकत होती. मला दोघांचा राग आला, आणि मग रागवायचंही त्राण राहिलं नाही. आत्यानं सदरा ओढून घेतला आणि शिवण घालायला घेतली. "पोट कमी कर जरा," एवढंच म्हणाली.

सोहळ्याच्या दिवशी मी काठावर गर्दीत उभी होते. अध्यक्षांचं भाषण इतकं लांबलं की बँडवालेही पेंगायला लागले. इतिहासाचा आदर, भविष्याची चाहूल, पुतळ्याची घोषणा, सगळं झालं. मग होडी आली. बाबा उठले आणि त्यांनी वल्हं उभं केलं. "नावाड्याची सलामी!" टाळ्या सुरू झाल्या.

तेवढ्यात काठाकडून दुसरी होडी निघाली. मासे पकडणाऱ्याची, जुनाट. एका वल्ह्यावर तो, दुसऱ्यावर आत्या. खांद्यावर कापड मोजायची टेप तशीच लोंबत होती, म्हणजे दुकानातून उठून थेट आली असणार. साठ वर्षांत तिनं वल्ह्याला हात लावला नव्हता. होडी वाकडीतिकडी जात होती, मासेवाला तिला काहीतरी सांगत होता आणि ती त्याच्यावरच खेकसत होती.

माइकवाल्यानं कागद चाळले. मग त्याला सुचलं. "आणि आता नावाड्याची कन्यासुद्धा सलामीत सामील होत आहे!" टाळ्या दुप्पट झाल्या. शेजारच्या बाईनं माझा हात दाबला. "किती छान बसवलंय यंदा," म्हणाली. सांगायला कुठून सुरुवात करायची असते?

दोन्ही होड्या एकमेकींना घासल्या. बाबा वल्हं धरून तसेच उभे होते. आत्या मासेवाल्याचा आधार घेत, धापा टाकत, त्यांच्या होडीत आली. ती काय बोलली ते त्या गोंगाटात कुणालाच ऐकू गेलं नाही. संध्याकाळी बाबांनीच मला सांगितलं.

तिनं वल्ह्याला हात घातला आणि ते हळूहळू खाली आणलं. "बस आता," म्हणाली, "मी आलेय."