दोऱ्याने बांधलेला लगाम

डहाणूच्या किनाऱ्यावरून मी झरीला निघाले तेव्हा सासू म्हणाली, "मासे विकणारी मांगेलीण आणि घोड्यावर? त्या पारशीणबाईचं पायाबरोबर डोकंही मोडलं काय?"

महाराष्ट्र व्हायच्या आधीची एक-दोन वर्षं असतील. मी पंचविशीची होते. बाई आमच्याकडून मासे घ्यायच्या. झरीच्या वाडीवर त्यांचा चार वर्षांचा घोडा होता, रुस्तम. त्याला त्या द्रेसाज शिकवत होत्या (हलक्या खुणेवर मोजून पावलं टाकायला लावणं). मध्येच त्यांचा पाय मोडला. मी डोक्यावर पाटी घेऊन वाळूतून चालत होते, ते त्यांनी पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "दीकरी (पोरी), अशी पाठ माझ्या एकाही माणसाची नाही. तू घोड्यावर बस, मी खुर्चीतून शिकवते." मला वाटलं थट्टा करताहेत. करत नव्हत्या.

एसटीने चारोटी नाका, तिथून दुसरी गाडी. विवळवेढ्याला महालक्ष्मीचा डोंगर दिसला तसे गाडीतल्या सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. पुढे तलासरीपर्यंत खाऱ्या वाऱ्याचं नाव नाही, नुसतं वाळलेलं गवत. तलासरीहून झरीला गवताच्या बैलगाडीत बसले. उतरले तेव्हा कंबर धरून चालत होते.

मला बघताच रुस्तम मागच्या दोन पायांवर उभा राहिला. मी किंचाळले. लखमा मोतद्दार (घोडा सांभाळणारा), पन्नाशीचा वारली, हसत सुटला. "बाय, गाठोड्यात काय हाय?"

बाईंसाठी आणलेले सुके बोंबील होते.

"तो वास त्याला नाय सोसत. जा, आंघोळ कर."

बोंबील लखमाच्या बायकोने भाजले. नागलीच्या भाकरीबरोबर आम्ही तिघांनी खाल्ले. बाईंना चार ठेवले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला बोलावण्याचं खरं कारण सांगितलं. वाडी त्यांच्या भावाची, त्यांना सगळे शेठ म्हणत. शेठने बजावलं होतं, महालक्ष्मीच्या यात्रेपर्यंत घोडा सरळ चालला नाही, तर गवताच्या गाडीला जुंपणार. यात्रेला तीन आठवडे होते.

कासोटा घट्ट मारून मी बसले. पाठ ताठ, मान स्थिर. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी रुस्तम एकदम धावला आणि माझ्या अंगात रापण आली (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं). रापणीचा दोर आम्ही टाच रोवून, सगळी पाठ मागे टाकून ओढतो. तसाच मी लगाम ओढला. टाच लागली की तो आणखी धावे, तशी मी आणखी ओढे. जागच्या जागी गरगर फिरला. तोंडाला फेस आला, तो लाल होता.

बाई खुर्चीतून ओरडल्या, "पायाने चल म्हणतेस आणि हाताने तोंड फाडतेस! त्याने करायचं काय?"

लहानपणापासून मी मासे कापले. रक्ताचं मला कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी उतरले आणि त्याच्या तोंडाकडे बघवेना.

पाच दिवस रुस्तमने तोंडात लगामाचं लोखंड घालू दिलं नाही. सहाव्या दिवशी बाईंनी शिवायचा दोरा मागवला आणि लगाम त्या लोखंडाच्या दोन्ही कड्यांना दोऱ्याने बांधला. "दोरा तुटला की उतरायचं." पहिल्या सकाळी अकरा वेळा उतरले. मग कमी झालं. पाठ ताठ ठेवून सावकाश श्वास सोडला की तो थांबायचा. हे पटायलाच मला वेळ लागला. एवढं मोठं जनावर, आणि कान माझ्या श्वासाकडे!

यात्रेच्या तोंडावर शेठ आले. आमचा फेरा चालू असताना माळ्यावरून गवताचा भारा खाली पडला. रुस्तमने उडी घेतली, दोन्ही दोरे तुटले, लगाम लोंबकळला. मी फक्त श्वास सोडला. तो उभा राहिला.

"लगाम तर तुटला," शेठ म्हणाले, "मग थांबला कशाने?"

"विचार तिला," बाई म्हणाल्या.

शेठ खूश. "गाडीला नाही लावत. हा आता माझ्या बसायचा." त्यांनी लगाम पक्का बांधून घेतला, वर चढले आणि बसल्या बसल्या मागे रेलून हिसका दिला. रुस्तमचे डोळे पांढरे झाले.

"शेठ, उतरा!"

लखमाने माझ्याकडे बघितलं. शेठचं तोंड लाल झालं. "काय बोलली?"

"उतरा म्हटलं. एकदा मी त्याचं तोंड फाडलंय. तुम्ही नका फाडू."

मग बाई म्हणाल्या, "उतर, भाई. लखमा, दोरा आण."

शेठ उतरले. मीच हादरले.

परतीच्या एसटीत बसल्यावर एकेक लक्षात येऊ लागलं. शेठ चिडले असते तर घोडा त्याच दिवशी गाडीला गेला असता. तोंड उघडताना हे मला सुचलंच नव्हतं. आज एवढी म्हातारी झाले, तरी तेच मनात येतं. सुचलं असतं, तर गप्प बसले असते.

घरी सासूने विचारलं, "काय, शिकला घोडा?"

"घोड्याला येत होतं," मी म्हटलं. "आता शेठ शिकताहेत."