होडेकर चाचांची मोजणी

होडेकर चाचा गिऱ्हाइकाला काहीही दाखवण्याआधी दुकानाचा एसी बंद करायचे. अजमानमध्ये, ऑगस्टच्या भर दुपारी. मग दार ओढून घ्यायचे, कोपऱ्यातल्या छोट्या फ्रिजचा प्लग काढायचे आणि म्हणायचे, "बोलू नका. दहा श्वास घ्या. रोज घेता तसेच." स्वतः डोळे मिटून उभे राहायचे, मान जराशी डावीकडे कललेली, अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत असलेला. आखातात राहणाऱ्यांना ठाऊक आहे, इथे घरात कधी शांतता नसते. एसीची घरघर दिवसरात्र चालू असते आणि ती चालू आहे हे आपण विसरून गेलेलो असतो. ती थांबली की कान उघडे पडतात. चाचांच्या दुकानात मला पहिल्यांदा माझा श्वास ऐकू आला, आणि तो दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

चाचांचं दुकान व्हेपचं, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या सिगारेटींचं होतं. मी तिथे कसा पोचलो ते सांगायला हवं. अठरा वर्षं मी सिगारेट ओढत होतो. दुबईत अल कुसैसच्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत एस्टिमेटर, राहायला अजमानला, रोज ट्रॅफिकमध्ये दीड तास जायला आणि दीड तास यायला. एका शुक्रवारी आम्ही तिघं बाहेर निघालो, तेव्हा माझी मुलगी ईरा पुढची सीट सोडून मागे जाऊन बसली. "बाबा, इट स्मेल्स. आय कान्ट ब्रीद," ती म्हणाली. रागावून नव्हे, अगदी सहज. मेधानं, माझ्या बायकोनं, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. निकोटिनचं च्युइंगम, दंडावर लावायच्या पट्ट्या, सगळं आधी करून झालं होतं. ऑफिसातला माझा मित्र नितीन म्हणाला, "अरे, व्हेप घे. निदान वास तरी जाईल."

मी दोन मोठ्या दुकानांत जाऊन आलो. जांभळे दिवे, काचेत मांडलेली शेदोनशे यंत्रं, आणि विकणारा पोरगेला माणूस वॉट, कॉइल, बॅटरी असं घडाघडा बोलत तीनशे-चारशे दिरहॅमचा डबा पुढे सरकवणारा. मनातल्या मनात रुपये करून पाहिले की छातीत धडधडायचं. दोन्ही वेळा बाहेर येऊन मी आधी सिगारेट पेटवली. शेवटी आमच्या इमारतीखालचा लाँड्रीवाला म्हणाला, "आपके महाराष्ट्र का एक बूढ़ा है, पीछे की गली में. थोड़ा अजीब है, मगर ईमानदार है."

अशा रीतीनं मी त्या बंद दुकानात घाम गाळत दहा श्वास घेत उभा राहिलो. चाचा साठीच्या पुढचे, उंच, दाढी पांढरी, हात लोखंडात काम केलेल्या माणसाचे. रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. दहा श्वास झाल्यावर डोळे उघडून त्यांनी विचारलं, "किती ओढता?"

"आठ," मी म्हणालो. घरी सातच सांगितलं होतं.

"पंधरा," चाचा म्हणाले. "त्यातल्या दोन सकाळी, उपाशीपोटी." आणि मी काही बोलण्याआधीच त्यांनी दरवाजाकडे बघत विचारलं, "बाहेर कोण उभं आहे काय?"

मी दार उघडून पाहिलं. उन्हानं पांढरी पडलेली गल्ली, एक मांजरसुद्धा नाही. "कोणी नाही," म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि एसी लावला.

नवशिक्यानं काय घ्यावं याबद्दल चाचांची मतं पक्की होती. "पहिलं यंत्र साधं घ्यावं, देसाई. ज्याच्यावर जीव बसेल असलं घेऊ नये." त्यांनी खालच्या खणातून अंगठ्याएवढं, काळं, बटण नसलेलं एक यंत्र काढलं. ओढलं की आपोआप चालू होणारं, मोबाइलच्याच वायरनं चार्ज होणारं. "पासष्ट दिरहॅम. म्हणजे आपले दीड हजार. याची पॉड, ही द्रव भरायची डबी, कुठल्याही दुकानात मिळते. नाहीतर लोक भारी यंत्र घेतात, मग त्याची कॉइल, आतली तापणारी तार, मिळत नाही आणि रात्री परत सिगारेटचं पाकीट आणतात." एकदा वापरून फेकायची रंगीत नळकांडी ते ठेवायचेच नाहीत. चव म्हणून आंबा मागितला, तर हसले. "आपण कोकणातली माणसं. आंबा घेतलात तर जन्मात सुटणार नाही. तंबाखूचीच घ्या, कंटाळा येईल. कंटाळा यायलाच पाहिजे."

पॉडमध्ये द्रव भरून त्यांनी ते माझ्यासमोर ठेवलं आणि दहा मिनिटं हात लावू दिला नाही. आत कापूस असतो, तो भिजल्याशिवाय ओढलं तर जळतो आणि ती जळकी चव आठवडाभर तोंडातून जात नाही, असं त्यांनी समजावलं. त्या दहा मिनिटांत घरी कोण कोण आहे ते विचारून घेतलं. ईराचं मागच्या सीटवर जाणं मी सांगितलं. "हे औषध नाही," ते म्हणाले. "हेही सोडायचं आहे. दर महिन्याला या. मी ऐकत जाईन आणि निकोटिनचा जोर कमी करत जाईन."

तसं ते खरंच करायचे. वीस मिलिग्रॅमवरून दहा, दहावरून पाच. धंद्याच्या दृष्टीनं हा वेडेपणाच होता. मुळात न ओढणाऱ्याला तर ते काही विकतच नसत. एकदा मी बसलेलो असताना ऑफिसातून सुटलेली एक मुलगी आली, गुलाबी रंगाचं यंत्र मागू लागली. चाचांनी एसी बंद केला, तीनच श्वास ऐकले आणि म्हणाले, "बेटी, तू ओढतच नाहीस. खलास. घरी जा." ती खजील होऊन गेली. गेल्यावर चाचा परत दाराकडे बघत राहिले. त्यांच्या ओठांची हालचाल मला दिसली. एक, दोन. मग जरा थांबून, तीन.

दुकानात आम्ही दोघंच होतो.

दर महिन्याला तो प्रश्न यायचा. बाहेर कोण उभं आहे काय? मी आधी दार उघडून बघायचो, नंतर नुसताच "नाही" म्हणू लागलो. पण एसी बंद झाला की माझी पाठ आपोआप भिंतीला लागायची, हे खरं.

चौथ्या महिन्यात नितीन माझ्याबरोबर आला. त्याला मोठं, वाफेचे ढग सोडणारं यंत्र हवं होतं. चाचांनी त्याला उभं केलं. दहा झाले तरी डोळे उघडले नाहीत. वीस झाले. मग ते काउंटरच्या बाहेर आले, "माफ करा हं," म्हणाले आणि नितीनच्या पाठीला कान लावला. आधी डावीकडे, मग उजवीकडे. उजवीकडे फार वेळ.

"तुम्हाला मी काही देणार नाही," ते म्हणाले. "आधी छातीचा फोटो काढा."

"चाचा, दुकान आहे की दवाखाना?" नितीन हसत म्हणाला.

"उजव्या बाजूनं आवाजच येत नाही."

"हबीबी, एसी लावा आधी. मरतोय गरमीनं." नितीननं माझा हात धरून मला बाहेर काढलं आणि त्याच दिवशी मोठ्या दुकानातून हवं ते यंत्र घेतलं. गाडीत तो ढग सोडत चाचांची नक्कल करत होता. मी हसलो. पण हसताना त्याच्या डाव्या-उजव्या बाजूकडे माझं लक्ष जात होतं.

आठवडाभर मला चैन पडलं नाही. दुसऱ्या कुणाच्या प्रकृतीत तोंड घालायचं नाही, असा आपला इथला रिवाज. नोकरी, व्हिसा, सगळंच नाजूक. तरी मी त्याच्या बायकोला, शिल्पाला फोन केला. काय सांगावं कळेना. "जिने चढताना त्याला धाप लागते का गं?" एवढंच विचारलं. ती म्हणाली, "तुला कसं कळलं? दोन महिने तो उजव्या कुशीवरच झोपतोय. दुसऱ्या कुशीवर वळला की दम लागतो म्हणतो."

तिनं त्याला नेलंच. उजव्या फुप्फुसाभोवती पाणी साठलेलं होतं, आणि पाण्यामागे लिंबाएवढी गाठ. डॉक्टर म्हणाले, आणखी तीन-चार महिने उशीर झाला असता तर आमच्या हातात काही राहिलं नसतं. नितीन पुण्याला गेला, ऑपरेशन झालं, फुप्फुसाचा एक भाग काढावा लागला. तो आज चालतो-फिरतो, हळू बोलतो. माझ्याशी बोलताना चाचांचा विषय मात्र तो काढत नाही.

ऑपरेशन नीट झाल्याचं सांगायला मी चाचांकडे गेलो. शुक्रवार होता, नमाज नुकतीच संपलेली. वाटलं होतं, खूश होतील. पण ते नुसतेच स्टुलावर बसले.

"या वेळी मोजणी बरोबर आली," ते म्हणाले. मग त्यांनी मला फुजैरा बंदरातली गोष्ट सांगितली.

बारा वर्षांपूर्वी ते तिथे जहाजांना तेल पुरवणाऱ्या बार्जवर होते. टाकी साफ करायला माणसं आत उतरत, तेव्हा वरच्या तोंडाशी बसायचं चाचांचं काम. आतला काळोख, लोखंडी आडभिंती. उतरलेल्यांना एकमेकं दिसत नसत आणि वरच्याला तर कोणीच दिसत नसे. पण मास्कमधून श्वास मोठा येतो आणि लोखंडात घुमतो. चाचा ते श्वास मोजायचे आणि दर पाच मिनिटांनी वॉकीटॉकीवर आकडा सांगायचे. त्या दिवशी तिघं उतरले होते. त्यातला एक लतीफ, चाचांच्या बायकोचा धाकटा भाऊ. व्हिसा चाचांनीच काढून दिलेला.

"मी तीन म्हणत होतो. शेवटपर्यंत तीन. वेळ संपली, दोघं शिडी चढून वर आले, तेव्हाही आत एक श्वास चालूच होता. मी हाक मारली, यल्ला लतीफ, चल वर. श्वास ऐकू येतोय, आणि माणूस येत नाही." "बाहेर काढला तेव्हा मास्क गळ्यात होता. डॉक्टर म्हणाला, जाऊन अर्धा तास झाला. मी दोन म्हटलं असतं तर लोक धावले असते. पण देसाई, अर्धा तास मी ऐकत होतो, तो श्वास कोणाचा?"

त्यांनी दाराकडे पाहिलं.

"तेव्हापासून बंद जागेत एक जास्तच येतो. घरी, दुकानात, मशिदीच्या वजूखान्यात. बायकोला कधी सांगितलं नाही. ती त्याची बहीण. गावी गेलो की मी पडवीत, उघड्यावर झोपतो. ती विचारते का, तर उकडतं म्हणतो."

एसी चालू होता. तरीही मी नकळत कान देऊन ऐकत होतो.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मी व्हेपही सोडलं. शेवटचे दोन महिने मी चाचांकडे नुसता बसायलाच जात होतो. त्यांचा व्हिसा संपत आला होता, गुडघे थकले होते. गावी बायको एकटी होती. दुकान देऊन टाकलं. निघायच्या दिवशी दुपारी मी त्यांना विमानतळावर सोडायला म्हणून गेलो, तेव्हा कपाटं रिकामी होती आणि एक बॅग दाराशी उभी होती. चाचांनी दार ओढून घेतलं. एसी बंद केला. फ्रिज आधीच गेला होता.

"आज तुम्ही मोजा," ते म्हणाले. "माझ्या कानांवर माझा भरवसा नाही. तुम्ही ऐका आणि आकडा सांगा. जो येईल तो."

मी डोळे मिटले. आधी माझाच श्वास आला, नेहमीचा. मग चाचांचा, खोल, प्रत्येक वेळी शेवटी किंचित अडकणारा. मी थांबलो. रिकाम्या कपाटांमुळे खोली जरा घुमत होती. आणि मग, मागच्या भिंतीच्या बाजूला, मला तो ऐकू आला. माझ्या लयीत नव्हता, चाचांच्याही नाही. मी डोळे उघडले नाहीत. दहापर्यंत ऐकला.

"किती?" चाचांनी विचारलं.

त्यांचा चेहरा मी आजही विसरलेलो नाही. परीक्षेचा निकाल ऐकायला उभ्या राहिलेल्या मुलासारखा होता.

"दोन," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की, चाचा. आपण दोघंच."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. खांदे हलत होते. मग "अल्लाचे उपकार," एवढंच म्हणाले आणि शटर स्वतःच्या हातानं ओढलं. गाडीत वाटभर ते गावातल्या विहिरीबद्दल बोलत होते. विमानतळाच्या आत जाताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मागे वळून मात्र पाहिलं नाही.

आठ महिन्यांनी त्यांच्या बायकोचा, झुबैदाचाचींचा फोन आला. चाचा झोपेतच गेले होते. त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं पडवीत झोपायचे. या खेपेला आले ते आतल्या खोलीत झोपायला लागले, दार लावून. म्हणाले, देसायांनी मोजून दिलंय."

मी फोन ठेवला. माझ्या खोटं बोलण्यानं त्यांना आठ महिने झोप मिळाली, हे चांगलंच झालं. तरी एक गोष्ट मी त्यांना सांगायला हवी होती, असं वाटत राहतं. त्या दुपारी मी ऐकलेला तिसरा श्वास गुदमरलेल्या माणसाचा नव्हता. लांबलचक शिडी चढून एकदाचा वर आलेल्या, आणि टेकून बसलेल्या माणसाचा होता.